कोपर्निकस की टायको?

१६१०मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या चंद्रासारख्या कला पाहिल्या आणि टॉलेमीची जुनी, पृथ्वी मध्यभागी मानणारी विश्वरचना डळमळली. पण म्हणून कोपर्निकस आपोआप जिंकला नाही, हे आपण फार सहज विसरतो.

कोपर्निकसने १५४३मध्ये सूर्य मध्यभागी ठेवून पृथ्वीला फिरते केले. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने १५८८मध्ये मधला मार्ग मांडला: ग्रह सूर्याभोवती, सूर्य मात्र स्थिर पृथ्वीभोवती. दोन्हींत शुक्र सूर्याभोवतीच फिरतो, म्हणून त्याच्या कला दोन्हींत बसतात.

टायकोची बाजू लेचीपेची नव्हती. पृथ्वी फिरत असेल, तर सहा महिन्यांनी ताऱ्यांच्या जागा किंचित सरकलेल्या दिसायला हव्यात. दुर्बिणीशिवाय इतकी अचूक मोजमापे घेणाऱ्या टायकोला तसे काहीच आढळले नाही. तारे अतिदूर आहेत, हे कोपर्निकसचे उत्तर बरोबर होते. पण ते सरकणे जर्मन खगोलज्ञ बेसेलने मोजून दाखवले थेट १८३८मध्ये!

१६१६मध्ये रोमच्या कॅथलिक चर्चने कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत रोखला, तेव्हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या खगोलज्ञांना टायको जवळचा वाटला, यात नवल नाही. मला मात्र कोपर्निकसच भावतो. मंगळ मधूनच मागे का सरकतो, हे त्याच्याकडे पृथ्वीच्या गतीतूनच उलगडते. आणि टायकोच्याच मंगळाच्या नोंदी वापरून खगोलज्ञ केप्लरने १६०९मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा मांडली, तीही सूर्याभोवतीच.