चेक आत्ता टाकू नका, ताई

वाईच्या आसपास राहणाऱ्यांना शूटिंगचं अप्रूप उरलेलं नाही. मेणवलीचा घाट आणि तिथला नाना फडणवीसांचा वाडा इतक्यांदा पडद्यावर येऊन गेलाय की रस्त्यात जनरेटरची गाडी आडवी लागली तरी लोक हॉर्न वाजवतात आणि पुढे जातात. दर गावात कुणाचा तरी पुतण्या ‘शूटिंगच्या लाइनीत’ असतो. आम्ही फसलो ते या असल्या ओळखीपायीच.

आमचा सासरचा वाडा कृष्णाकाठच्या एका गावात आहे. फार मोठा नाही. ओसरी, माजघर, सागाचे आठ खांब, मागे परसात आड. आम्ही पुण्यात, वाड्यात सासूबाई आणि त्यांच्या सोबतीला एक बाई. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघर गळायला लागलं, गवंड्याने कौलं आणि वासे मिळून सव्वा लाखाचा आकडा सांगितला, आणि नेमका तेव्हाच हा आला. शेजारच्या काकूंच्या भाच्याचा मित्र. स्वतःला लोकेशन को-ऑर्डिनेटर म्हणवायचा. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. आडाचं पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, “आजी, मुंबईत असं पाणी विकत मिळत नाही.” झालं, सासूबाई तिथेच विरघळल्या.

दुसऱ्या दिवशी तो रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, पाच जणांना घेऊन आला. ते कोनाड्यांचे, कड्यांचे फोटो काढत फिरत होते, आणि हा आमच्याशी बोलत होता. ते पाच जण कोण, कुठल्या कंपनीचे, हे आम्ही विचारलं नाही. पैशांचं बोलणं त्यांच्यासमोर होऊ नये याची त्याने किती काळजी घेतली होती, ते आता आठवलं की लक्षात येतं. कुणी विषय काढलाच तर म्हणायचा, “ती माणसं क्रिएटिव्हची आहेत, व्यवहार माझ्याकडे.”

ठरलं ते असं: वेबसिरीज, तीन दिवस, 12 तासांची शिफ्ट, दिवसाला 25 हजार भाडं, वर 25 हजार डिपॉझिट. टोकन म्हणून 5 हजार रोख, उरलेल्या 95 हजारांचा 20 डिसेंबरचा चेक. 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला. मी 28 वर्षं शाळेत पेपर तपासले, मुलांची एक वेलांटी सुटू दिली नाही. पण करारात ‘निर्मिती संस्था’ या शब्दांपुढची जागा कोरी आहे हे दिसत असूनही “ते नंतर टाइप करून घेऊ” यावर मान डोलावून मोकळी झाले. सही त्याची एकट्याची, चेक त्याच्याच सेव्हिंग खात्याचा. शिवाय ‘ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र’ म्हणून त्याने सासूबाईंची एका वेगळ्या कागदावर सही घेतली. तो कागद पुढे येईलच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात युनिट आलं. साठ-सत्तर माणसं. ओसरीच्या भिंतीला हिरवा डिस्टेंपर फासला, कारण गोष्टीतलं घर म्हणे गरिबाचं होतं. 12 तासांची शिफ्ट रात्री दोनपर्यंत लांबायची. सागाच्या खांबांना लाइट अडकवायला खिळे ठोकले. जाताना उपटले तेव्हा करंगळी जाईल एवढे टवके उडाले होते. पहिल्या दिवशी जनरेटर होता, नंतर दोन दिवस वायर थेट आमच्या मीटरवरून. मात्र पोरांना मी दोष देणार नाही. स्पॉटदादा तर इतका गुणी की सासूबाईंना रोज सकाळी आड शेंदून पाणी काढून द्यायचा. त्याचा नंबर त्यांनी लिहून ठेवला होता, आणि शेवटी कामाला आला तोच.

पॅकअपच्या रात्री आर्टवाल्यांनी टेम्पो भरला. त्यांनी आणलेले कंदील, पेट्या, खोट्या तसबिरी आणि आमच्या न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ, सगळं एकत्र गेलं. सामानाची यादी आम्ही केली नव्हती. आधीचे फोटोही नव्हते.

मग चेक. 20 तारखेला सकाळीच त्याचा फोन: “चेक आत्ता टाकू नका, ताई. वरून पेमेंट अडकलंय. बाउन्स झाला तर बँक तुमच्याही खात्यातून दंड कापेल.” खरंच कापते, म्हणून पटलं. जानेवारीत न मागता 3 हजार पाठवले. फेब्रुवारीत त्याच्या आईचं ऑपरेशन. मार्चच्या 10 तारखेला “फक्त दहा दिवस द्या”. 23 मार्चला मी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने चेकची तारीख बघितली आणि तो तसाच परत सरकवला. “मॅडम, तीन महिने होऊन गेले.”

चेकची मुदत तीन महिने असते हे मला माहीत होतं. पण त्यामागे काय असतं ते वकिलांनी समजावलं. मुदतीत भरलेला चेक न वटता परत आला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 हाताशी असतं: बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, समोरच्याला पैसे भरायला 15 दिवस, तरीही दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. चेक मुदतीत बँकेत टाकलाच नाही, तर यातलं काहीच सुरू होत नाही. त्याला आईच्या ऑपरेशनसाठी नव्हे, 20 मार्च उलटायला वेळ हवा होता. दोनशे रुपयांचा दंड वाचवायला मी 92 हजारांची दोरी स्वतःच्या हाताने सोडली.

पोलीस ठाण्यात अर्ज घेतला आणि सांगितलं, “हा दिवाणी मामला वाटतो.” मग स्पॉटदादाला फोन लावला, त्याने प्रॉडक्शन मॅनेजरचा नंबर दिला, आणि आम्ही दोघं अंधेरीत त्यांच्या ऑफिसला गेलो. तो माणूस सरळ होता. फाइल उघडून व्हाउचर समोर ठेवलं: लोकेशन भाडे, दिवसाला 45 हजार, तीन दिवस, दुरुस्तीचे वेगळे 20 हजार. सगळं शूटिंगच्या आधीच दिलेलं. खाली ‘घरमालकातर्फे’ म्हणून ह्याची सही. आणि मागे टाचलेलं ते ग्रामपंचायतीचं पत्र, ज्यात सासूबाईंनी भाडं घ्यायचा अधिकार त्याला दिला होता.

टीडीएससुद्धा त्याच्याच पॅनवर कापला होता. आमच्या पॅनवर कापा म्हटलं असतं तर निदान 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर कापलेला कर दाखवणाऱ्या पत्रकात, खरा आकडा दिसला असता. पण मुळात कंपनीच कोण हे माहीत नसेल, तर म्हणणार कुणाला? आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: मधला माणूस असू द्या, त्याचं कमिशनही असू द्या, पण करारावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर हवा, आणि पहिली गाडी दारात लागायच्या आत पैसे कंपनीच्या खात्यातून मालकाच्या खात्यात हवेत. यावर जो चिडतो त्याला चहा पाजून वाटेला लावा. आमच्या मागच्या आळीत एकांकडून अशाच कुणी ‘लोकेशन नोंदणी फी’ म्हणून 2,500 रुपये ऑनलाइन घेतले. तिथे तर रेकीलाही कुणी फिरकलं नाही. असे ऑनलाइन पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

त्या पत्राची प्रत जोडून आम्ही पुन्हा तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीची. तपास चालू आहे असं सांगतात. खांबांचे टवके लांबी भरून बुजवले, पण पॉलिशखालून दिसतात. कौलं तशीच आहेत.

मध्यंतरी ती सिरीज आली. जावेने मोबाइलवर लावून सासूबाईंना दाखवली. आमची ओसरी दीड मिनिट दिसते. चौथ्या भागात सरपंचाच्या घरात, कुठल्याशा दुसऱ्याच वाड्यात, आमचं घंगाळ. कडेला पोचा आहे, त्यावरून ओळखलं. सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

“चिंचेनं घासलंय गं कुणीतरी,” म्हणाल्या.