बोटॉक्स की डिस्पोर्ट: माझ्यापुरतं भुवयांनी ठरवलं

आठ्यांसाठी इंजेक्शन घ्यायचं नक्की झालंय, पण कुठलं यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. मी बोटॉक्स तीनदा आणि डिस्पोर्ट एकदा घेतलंय, दोन्ही एकाच डॉक्टरांच्या हातून. चार वेळांचाच अनुभव आहे, तेवढंच वजन त्याला द्या.

औषध मुळात एकच, बोटुलिनम टॉक्सिन ए, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणारं. आकड्यांनी मात्र फसू नका. भुवयांमधल्या उभ्या रेषांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा २० युनिट, डिस्पोर्टची ५०. त्यावरून कोण कडक आणि कोण सौम्य ते ठरत नाही, कारण दोघांचं युनिट वेगवेगळ्या मापाचं आहे. म्हणून क्लिनिकने युनिटमागचा भाव सांगितला तरी तुम्ही एकूण खर्चच विचारा.

डिस्पोर्टकडे मी वळलो ते निव्वळ अधीरपणाने. बोटॉक्स पूर्ण लागू व्हायला मला दर वेळी दोन आठवडे लागायचे आणि मधल्या दिवसांत एक भुवई ऐकायची, दुसरी नाही. डिस्पोर्टने तिसऱ्याच दिवशी काम दाखवलं. कपाळ गुळगुळीत, मी खूश.

आठवडा सरत आला आणि भुवया जड झाल्या. पापणी पडली नव्हती, फोटोत कुणाला काही कळलंही नसतं. पण कपाळावर ओली टोपी ओढून बसल्यासारखं वाटायचं. वरच्या फळीवरचं काही बघायचं तर अख्खी मान मागे टाकायची. समोरचा काही भलतंच बोलला तर आश्चर्य दाखवायचीही सोय नाही! भुवया वर उचलणारा स्नायू कपाळात एकच, फ्रंटॅलिस. तोच प्रमाणाबाहेर सैलावला की भुवया खाली येणारच.

डिस्पोर्ट जरा जास्त पसरतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. असेलही. पण पसरणं मात्रेवर असतं, सलाइन किती मिसळलं त्यावर असतं, सुई भुवईच्या किती जवळ टोचली त्यावरही असतं. त्यामुळे सगळं खापर औषधावर फोडत नाही. मला खरं छळलं ते वेगळ्याच गोष्टीने: हे परत फिरवता येत नाही. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल, बिघडला तर हायल्युरॉनिडेज टोचून विरघळवता येतो. इथे तसा उतारा नाही, वाट बघायची. माझे सहा आठवडे त्यात गेले.

त्या सहा आठवड्यांनी डॅक्सिफाय या त्याच जातीच्या इंजेक्शनचा मोहही उतरवला. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध चाचण्यांत साधारण सहा महिने टिकलं, बाकीच्यांचं तीन-चार महिन्यांत ओसरतं. पूर्वी मी त्यावर उडी मारली असती. आता मनात पहिला प्रश्न येतो, टोपी सहा महिने डोक्यावर राहिली तर? झिओमिन हे याच जातीचं आणखी एक इंजेक्शन, ते मी घेतलेलं नाही. त्यात टॉक्सिनला चिकटलेली जास्तीची प्रथिनं काढून टाकलेली असतात आणि न उघडलेली कुपी फ्रिजबाहेरही चालते, पण ती सोय डॉक्टरांची. आरशात त्याने काय फरक पडावा, मला दिसत नाही.

गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्टचा विषयच मिटला, त्यात त्या प्रथिनाचा अंश असू शकतो. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर दोन्हींआधी डॉक्टरांना सांगा.

कपाळाला हात न लावता फक्त भुवयांमधल्या रेषा घालवायच्या असतील आणि फोटोचा दिवस तोंडावर आला असेल, तर डिस्पोर्टला मी नाही म्हणणार नाही. अख्ख्या कपाळासाठी मात्र मी पुन्हा बोटॉक्सवर आलोय, तेही भुवईच्या वरची पट्टी मोकळी सोडायला सांगून. मधले दहा-बारा दिवस एक भुवई वर राहते. राहू दे.