इंग्रजीच्या तासाला मराठी-कन्नड किती चालू द्यावी?

खानापूर, निपाणी किंवा बेळगावातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: फक्त इंग्रजी, ओळीगणिक मराठी अर्थ, किंवा ठरलेल्या जागीच मराठी-कन्नड.

फक्त इंग्रजीनं कान तयार होतो, हे खरं. गोची होते सूचनांपाशी. ‘अंडरस्टुड?’ म्हटलं की वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणतो आणि वह्या कोऱ्याच राहतात. ही वाट धरायचीच तर एका वेळी एकच सूचना द्या, पहिलं उत्तर फळ्यावर सोडवा, मग ‘हाऊ मेनी लाइन्स?’ असं नेमकं विचारा.

ओळीगणिक अर्थ सांगितला की धडा वेळेत संपतो, पण मुलं इंग्रजी ऐकणंच सोडतात; मागून मराठी येणारच असते. कन्नड किंवा उर्दू घरातलं मूल तर दोन्हीकडून अडकतं. त्यात उच्चार देवनागरीत लिहून घेतले की आणखी घोळ: पश्चिम, बनियन आणि वाया घालवणं, तिन्हींसाठी वहीत ‘वेस्ट’च उरतं.

आमचा कौल तिसऱ्या वाटेला. ४० मिनिटांच्या तासात पहिली ५ मिनिटं विषयावर मुलांच्या भाषेत गप्पा, मधली २५ इंग्रजी, शेवटची १० तुलनेला. सीमाभागाची खरी कमाई या १० मिनिटांत आहे. मराठीत खुर्ची ‘ती’, म्हणून मूल तिला ‘शी’ म्हणतं. कन्नडात मात्र ‘अवनु, अवळु, अदु’ ही वाटणी ‘ही, शी, इट’च्या जवळची, आणि खुर्ची ‘अदु’. गल्लीत कन्नड बोलणाऱ्या मुलाला हे चटकन पटतं. उलट ‘झू’ म्हणताना कन्नड मुलाचा ‘जू’ होतो. तिथं ‘जास्त’मधला ज मराठी मुलानं ऐकवावा.

सगळीकडे मात्र असा आधार मिळत नाही. क्रियापद दोन्ही भाषांत शेवटी, त्यामुळे ‘आय मँगो ईट’ दोघंही म्हणतात. तिथं समजावत बसू नका. शब्दांच्या चिठ्ठ्या करून जागा बदलायला लावा. ‘सर आले’चं ‘सर हॅव कम’ होतं तेही दोघांच्या आदरार्थी बहुवचनातून.

शिक्षकाला कन्नड येत नसेल तर कन्नड वाक्य मुलांकडूनच फळ्यावर घ्या. ही पद्धत फसते ती पहिल्या ५ मिनिटांची २० झाली की. म्हणून घड्याळ समोर ठेवा, आणि तुलना संपताना प्रत्येकाकडून दोन वाक्यं इंग्रजीत लिहून घ्या, कारण परीक्षेत पेपर इंग्रजीतच लिहायचा असतो.