ग्वादालाहाराची तोर्ता आओगादा: बरेच महिने खाल्ल्यानंतरचं मत

कंपनीच्या कामानिमित्त मेक्सिकोत ग्वादालाहाराला राहायला आल्यापासून घराजवळच्या एका छोट्या खानावळीत जवळपास दर शनिवारी तोर्ता आओगादा, म्हणजे सॉसमध्ये बुडवलेलं सँडविच, खातोय. प्लास्टिकची टेबलं, एक काउंटर, मागे दोन मोठी पातेली, एवढाच थाट. या शहराच्या या पदार्थाबद्दल जो तो तिखटाचंच बोलतो. माझ्या मते खरा मान पावाचा आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

बिरोते नावाचा लांबट पाव मधून चिरायचा, आत शिजवून घोटलेल्या बीन्सचा थर द्यायचा आणि कार्नितास, म्हणजे डुकराच्या चरबीतच मंद आचेवर शिजवलेलं मांस, बारीक तुकडे करून भरायचं. मग अख्खी तोर्ता टोमॅटोच्या पातळ, अजिबात तिखट नसलेल्या सॉसमध्ये बुडवायची. वर लिंबात मुरवलेला कांदा. तिखटाचं पातेलं वेगळं. त्यात चिले दे आर्बोल या वाळलेल्या लाल मिरचीचा, व्हिनेगर घातलेला सॉस असतो. मिसळीच्या तर्रीसारखा तो किती घ्यायचा हे आपण ठरवायचं. मिरची काय, टोमॅटो काय, दोन्ही याच भूमीतून पोर्तुगिजांच्या हातून आपल्या स्वयंपाकघरात आले, त्यामुळे ही चव मला परकी वाटलीच नाही. इथल्या हालिस्को राज्यातल्या यावालिका भागातल्या मिरचीला तर २०१८ मध्ये उगमस्थानाचं अधिकृत मानांकनही मिळालं आहे.

काउंटरवरच्या बाई विचारतात, “मेदिया की ब्येन आओगादा?” मेदिया म्हणजे तिखट सॉस थोडाच, ब्येन म्हणजे तोर्ता त्यातच न्हाऊन निघते. तिखट खायची सवय असेल तरी सुरुवात मेदियानेच करा. या सॉसचं तिखट घशात थांबत नाही, व्हिनेगरसोबत थेट पोटात उतरतं.

आता पावाबद्दल. बिरोतेचं पीठ सावकाश आंबवतात, त्यामुळे चवीला किंचित आंबट-खारट आणि कवच जाड, कडक. ताटलीत सॉसचं तळं झालेलं असतं, तरी दहा मिनिटांनंतरही कडेचा तुकडा दाताखाली कुरकुरतो, आतला गर मात्र सॉस पिऊन मऊ झालेला असतो. एकाच घासात हे दोन्ही मिळतं, तेव्हा कळतं की हा पदार्थ याच शहरात का रुजला. साधारण १५०० मीटर उंचीवरच्या इथल्या हवेशिवाय असा पाव होत नाही, असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. हवेचं श्रेय किती ते बेकरीवाले जाणोत, पण मेक्सिको सिटीत हाच पदार्थ साध्या बोलिओ पावात खाल्ला तेव्हा हातात लगदाच आला. आमच्या खानावळीत बिरोते संपला की शटर खाली येतं, दुसरा पाव चालवून घेत नाहीत. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

तक्रारीही आहेत. रविवारी गर्दीत मांसात चरबी आणि कातडीच जास्त येते, म्हणून ऑर्डर देतानाच “मासिसा” म्हणायचं, म्हणजे निव्वळ मांस मिळतं. पार्सल नेताना सॉस वेगळ्या पिशव्यांत बांधून देतात, ते उत्तम. पण घरपोच मागवली तेव्हा सॉस आधीच ओतून आली आणि बिरोतेचीही धडगत राहिली नाही. तेव्हापासून मी स्वतःच जाऊन आणतो.

शाकाहारी मंडळींनी जपून. बायकोसाठी आम्ही पानेला चीज आणि बीन्सची तोर्ता करून घेतो, ती छान लागते. मात्र बीन्स बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीतच परततात, त्यामुळे “मान्तेका आहे का?” हे आधी विचारा. असेल तर नुसतं चीज घाला म्हणायचं, इथे कोणी वाईट वाटून घेत नाही.

तोर्ता हातानेच खा, काही ठिकाणी त्यासाठी प्लास्टिकचे हातमोजेही देतात. ताटलीत उरलेला सॉस चमच्याने. सोबत कोला न घेता बाहेरच्या गाडीवरचं तेहुइनो घ्या. मक्याचं पीठ आणि गूळ आंबवून केलेलं हे पेय लिंबू, मीठ आणि वर लिंबाच्या बर्फाचा गोळा घालून देतात, आणि पोटातली आग त्याने खरंच शमते. सत्तर-ऐंशी पेसोंत तोर्ता येते आणि रात्रीच्या जेवणाची गरज उरत नाही. दुपारी दोनच्या आत पोहोचा, नंतर बिरोते मिळेलच असं नाही.