मैदान डाउनटाउनमध्ये हवं की हायवेलगत?

अमेरिकेतल्या बऱ्याच मध्यम आकाराच्या शहरांपुढे सध्या बेसबॉलच्या मैदानाबद्दल हा प्रश्न आहे. 2021 पासून मायनर लीगचा, म्हणजे मोठ्या संघांसाठी खेळाडू घडवणाऱ्या दुय्यम लीगचा, कारभार मेजर लीगने थेट स्वतःकडे घेतला, तिला जोडलेले संघ 120 वर आणले आणि मैदानांसाठी नवे निकष लागू केले. खेळाडूंच्या खोल्या केवढ्या असाव्यात, महिला कर्मचाऱ्यांची सोय कशी असावी, आडोशाला बॅटिंगचा सराव करता यावा, दिवे किती प्रखर असावेत, सगळं त्यात आलं. जुनं मैदान या निकषांत बसवायला इतका खर्च निघतो की नवंच बांधू या, असा सूर लागतो. मग जागा शोधली जाते, जनसुनावणी लागते. या गावांमध्ये आता आपलीही माणसं घरं घेऊन राहतात, मालमत्ता कर भरतात. तेव्हा मत देण्याची वेळ तुमच्यावरही येऊ शकते.

मी दोन्ही प्रकारच्या मैदानांवर बरीच वर्षं गेलो आहे. आधी उत्तरेकडच्या एका राज्यात, हायवेला लागून असलेल्या मैदानावर. आता नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये, उंच इमारतींच्या मधोमध. त्या आधीच्या गावात नव्या मैदानाच्या जागेसाठी नागरिकांची समिती नेमली होती आणि सिव्हिल इंजिनियर म्हणून मला तिच्यात बोलावलं होतं. माझं मत डाउनटाउनला पडलं. का पडलं ते सांगतो. तुमच्या गावाचं गणित वेगळं असू शकतं.

हायवेची बाजू खरोखर भक्कम आहे. जमीन स्वस्त आणि हवी तेवढी. मैदान हव्या त्या दिशेला फिरवता येतं. दिशेचा मुद्दा कुणी किरकोळ समजू नये. बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटकडून समोरच्या दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी बेसबॉलच्या नियमपुस्तकातच शिफारस आहे, म्हणजे मावळता सूर्य बॅटरच्या डोळ्यांत जात नाही. अशा मैदानात उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते आणि पहिल्या बेसकडचे प्रेक्षक डोळ्यांवर हात धरून बसतात. शहराच्या मधला चौक मात्र जसा असेल तसा स्वीकारावा लागतो, तिथले रस्ते कुणी बेसबॉलसाठी आखलेले नसतात. शार्लटचंच बघा. जागा इतकी तंग की उजवीकडची भिंत होम प्लेटपासून जेमतेम 315 फुटांवर आली, आणि इथे होम रन सहज पडतात ही बॉलरांची तक्रार आजही आहे. जमीन खणायला घेतली की काय निघेल त्याचाही नेम नसतो: जुने पाये, नकाशात नसलेल्या पाइपलाइन, कधीकाळच्या पेट्रोलपंपाच्या टाक्या. समितीत आम्ही सगळ्यात जास्त वेळ याच मुद्द्यावर घालवला.

शिवाय कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा दाखला आहे. तिथलं डाउनटाउनमधलं मैदान 2016 च्या हंगामासाठी तयार व्हायचं होतं, झालं नाही, आणि संघाने तो अख्खा हंगाम परगावी फिरत काढला. मैदान उघडलं एप्रिल 2017 मध्ये. त्याच्याभोवती उभ्या राहायच्या इमारतींसाठी तर पुढे आणखी काही वर्षं थांबावं लागलं. सरकारी पैशातून बांधलेली मैदानं शहराला तो पैसा परत मिळवून देत नाहीत, असं बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. ‘डाउनटाउनचं मैदान स्वतःचा खर्च स्वतः काढतं’ असं सुनावणीत कुणी ठासून सांगितलं, तर त्या आकड्यांकडे बारकाईने बघा.

आता माझं मत कशाने फिरलं ते. ते फिरलं पार्किंगच्या मैदानात.

चार जुलैच्या आसपासची रात्र होती, सामना संपल्यावर आतषबाजी. आई भारतातून आलेली, मुलगी सहा वर्षांची. आतषबाजी संपली आणि सगळी माणसं एकाच क्षणी उठली, एकाच अंधाऱ्या मोकळ्या जागेकडे निघाली आणि एकाच फाटकाकडे गाड्या वळवून उभी राहिली. मुलगी मागच्या सीटवर झोपली. आईला बाथरूमला जायचं होतं, पण मैदानाची दारं तोवर बंद झालेली, आणि आजूबाजूला पेट्रोलपंप नाही, दुकान नाही, काहीच नाही. सत्तर वर्षांच्या बाईने पन्नास मिनिटं अवघडून काढली आणि एका शब्दानेही बोलली नाही. मला ते फार लागलं. त्यानंतर दोन हंगाम आम्ही नऊपैकी सातव्या इनिंगलाच उठायचो. सामन्याचा शेवट मुलीने पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल.

यात तिथल्या कर्मचाऱ्यांचा दोष नव्हता, ते शिट्ट्या फुंकून दमले होते. दोष जागेचा होता. सहा हजार प्रेक्षक म्हणजे ढोबळमानाने दोन हजार गाड्या. एका गाडीला येण्याजाण्याच्या वाटेसकट सव्वातीनशे चौरस फूट धरले तर नुसत्या पार्किंगला पंधरा एकर लागतात, म्हणजे मैदानाहूनही जास्त. आणि ते पंधरा एकर एक-दोन तोंडांतूनच रिकामे होतात, कारण हायवेलगत पायी जाण्यासारखं ठिकाण नसतं आणि थोडं थांबून निघावं असंही काही नसतं.

डाउनटाउनमध्ये ती पंधरा एकर जागा आधीच बांधलेली असते. दिवसा ऑफिसवाले ज्या बहुमजली पार्किंग डेकमध्ये गाड्या लावतात, तेच संध्याकाळी रिकामे असतात. शार्लटमध्ये आम्ही मुद्दाम तीन-चार चौक लांब गाडी लावतो. पैसे द्यावे लागतात, हे खरं. पण सामना संपला की गर्दी आपोआप पांगते. कुणी ट्रेनकडे, कुणी जेवायला, कुणी शेजारच्या रोमेअर बिअर्डन पार्कमध्ये बाकावर. आम्ही मैदानापासून गाडीपर्यंत किती वेळ लागला ते कधी मोजलं नाही. वानखेडेवरून चर्चगेटपर्यंत जो चालत गेला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

शार्लटचं उदाहरण आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. संघ तोच, जागा दोन. नाइट्स हा संघ 1990 पासून 2013 पर्यंत राज्याची हद्द ओलांडून साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट मिलला, आय-77 हायवेजवळच्या मैदानावर खेळायचा. दहा हजार जणांची ऐसपैस जागा. 2014 मध्ये तो अपटाउनला (शार्लटच्या डाउनटाउनचं हेच नाव) आला आणि पहिल्याच हंगामात पावणेसात लाखांवर प्रेक्षक आले, त्या वर्षी मायनर लीगमधले सर्वाधिक. नव्या मैदानाचं नवल काही वर्षांत ओसरतं, तेव्हा या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. पण इंडियानातल्या फोर्ट वेनने 1993 चं, पार्किंगने वेढलेलं मैदान अवघ्या सोळा हंगामांनी सोडून 2009 मध्ये डाउनटाउनला पार्कव्ह्यू फील्ड बांधलं. एवढ्या लवकर जागा बदलावीशी वाटली, यातच बरंच काही आलं.

पार्कव्ह्यू फील्डसारख्या मैदानांची रचना तुमच्या आराखड्यात आहे का, ते आवर्जून बघा. खेळायची जागा रस्त्याच्या पातळीखाली खोदलेली असते. फुटपाथवरून सरळ आत शिरायचं, जिने न चढता, आणि मग खुर्च्या खाली उतरत जातात. वरची फिरायची वाट मैदानाला पूर्ण वेढा घालते आणि खेळाच्या बाजूने उघडी असते, त्यामुळे हॉट डॉगच्या रांगेत उभं राहूनही सामना दिसतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही रचना म्हणजे मोठाच दिलासा. एक खर्च मात्र यात वाढतो. बशीसारख्या खोलगट जागेत पावसाचं पाणी साचतं, त्याच्या निचऱ्याची आणि पंपांची सोय चोख लागते. आराखडा स्वस्त करायला घेतला की पहिली कात्री तिथेच लागते, म्हणून अंदाजपत्रकात ती ओळ शोधा.

आणि वर्षाचे उरलेले दिवस. घरचे सामने सत्तरच्या आसपास. बाकीचे तीनशेएक दिवस हायवेवरचं मैदान कुलूपबंद असतं, बाहेर रिकामं डांबर. फोर्ट वेनला सामना नसेल त्या दिवशी लोक त्या वरच्या वाटेवर चालायला येतात. माझ्या दृष्टीने शहराला खरी परतफेड होते ती इथे, पैशात मोजता आली नाही तरी.

तुमच्या गावात डाउनटाउनलाच धड पार्किंग डेक नसतील, बस संध्याकाळी सातला बंद होत असेल, तर नुसतं मैदान मध्यावर आणून काही साधणार नाही. तिथे हायवेची जागा निवडणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण त्या आराखड्यात पार्किंगला निदान तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर तोंडं असावीत आणि सामन्यानंतर तासभर बाथरूम उघडी राहावीत, एवढं सुनावणीत उभं राहून मागा.

आई गेल्या वर्षी पुन्हा आली होती. शार्लटमध्ये नववी इनिंग संपेपर्यंत बसली, मग आम्ही रमतगमत गाडीपर्यंत चालत गेलो. वाटेत तिला आइस्क्रीम हवं होतं, ते घेतलं.