प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला, "सवय होईल" ऐकून पंधरा दिवस मान धरली (नवी पेठ, सोलापूर)

दुकानाचं नाव लिहीत नाही कारण शेवटी त्यांनी सुधारून दिलंय, पण जे झालं ते सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल.

चाळिशी लागून सहा वर्षं झाली. जवळचा एक आणि लांबचा एक असे दोन चष्मे, एक गळ्यात एक डोक्यावर, बायको म्हणाली एकदाचं प्रोग्रेसिव्ह करून टाका की ओ, दुकानदारासारखं दिसताय. प्रोग्रेसिव्ह म्हणजे एकाच काचेत वर लांबचं, खाली जवळचं. मग गेलो. फ्रेमसकट साडेसात हजार, घासाघीस करून सात.

तपासणी मस्त, त्याला पूर्ण मार्क. तपासणारा मुलगा तरुण आहे, घाई करत नाही, अक्षरं वाचताना अडखळलो तरी तोंड वाकडं करत नाही. फ्रेम बघायला आरशासमोर बसवलं तेव्हा म्हणाला सर एक गंमत करा, आरशात आधी तुमच्या डाव्या डोळ्याकडं बघा मग उजव्या, मग परत डाव्या, बुबुळ हलताना दिसतंय का? नाही दिसलं! चार वेळा केलं, डोळे जागेवर ठेवल्यासारखे. तो समोरून बघत होता, त्याला मात्र इकडून तिकडं जाताना स्पष्ट दिसत होते. म्हणे डोळा उडी मारतो तेवढा वेळ मेंदू शटर पाडतो, नाहीतर दिवसभर सगळं हललेलंच दिसलं असतं. घरी येऊन सगळ्यांना आरशासमोर उभं केलं, आईनं पण केलं आणि मग दोन दिवस आरशाकडं संशयानं बघत होती.

आता तक्रार. माझं काम चादरीच्या कारखान्यात चेकिंगला, टेबलावर चादर पसरायची, काठ सरळ आहे का, डिझाइन कुठं सरकलंय का बघायचं. सोळा वर्षं झाली. नवीन चष्मा लावून पहिल्या दिवशी तीन चादरी काठ वाकडा म्हणून बाजूला काढल्या. मास्तर आले, काही बोलले नाहीत, लाकडी पट्टी आणून काठाला लावली. सरळ. तिन्ही सरळ. सगळ्यांसमोर काय झालं असेल विचारू नका.

दुकानात गेलो तर तोच मुलगा म्हणतो सवय होईल सर. आणि एक किस्सा सांगितला, १८९० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्ट्रॅटन नावाच्या माणसानं जग उलटं दिसणारी भिंगं डोळ्याला लावून आठवडाभर काढला, सुरुवातीला हात भलतीकडंच जायचा, शेवटी शेवटी बऱ्यापैकी वावरायला लागला. तुमचं तर काहीच नाही सर. पटलं. नेटवर बघितलं तर खरंच आहे.

याच्यावर घरात जो वाद झाला तो वेगळाच. मेहुणे म्हणाले म्हणजे जग बाहेर काही नसतंच, आपलं मनच तयार करतं, शंकराचार्य हेच सांगून गेले, दोरी आणि साप. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला क्वांटममध्ये पण तेच, बघितल्याशिवाय कण ठरतच नाही. शेजारी निवृत्त संस्कृतचे सर राहतात, त्यांना विचारलं तर हसले. म्हणे साप भ्रम असला तरी खाली दोरी असतेच की, आणि बाहेर काही नाही, सगळं मनातच, असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी (इथं विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, जाणीव) बौद्धांना ब्रह्मसूत्राच्या भाष्यात आचार्यांनी चांगलंच झोडलंय, सूत्र आहे "नाभाव उपलब्धेः", म्हणजे वस्तू अनुभवाला येते म्हणून ती नाहीच असं म्हणता येत नाही, आणि वर उदाहरण काय, तर पोट भरेपर्यंत जेवतोय आणि म्हणतोय मी जेवतच नाही. (मेहुणे तेव्हा नेमके शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात होते.) पुतण्याचं पण तसंच, तिथं बघणं म्हणजे यंत्रानं मोजणं, त्याला माणूसच पाहिजे असं नाही. विग्नर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञानं १९६१ ला जाणिवेचा संबंध जोडला होता खरा पण नंतर तोच मागं फिरला.

आता मुद्दा. बाराव्या दिवशी काठ सरळ दिसायला लागला. मी काही केलं नाही, काच तीच, चादर तीच, एक दिवस सकाळी टेबलावर बसलो आणि सरळ. म्हणजे डोकं खरंच सरळ करून घेतं, मुलगा खोटं बोलत नव्हता. पण मान दुखायची राहिना. वाचायला दरवेळी हनुवटी वर करावी लागायची, मोबाईल बघताना कोंबडा आरवतोय असा अवतार. पंधरा दिवस झाले तरी तेच. परत गेलो, परत सवय होईल. म्हटलं काठ सरळ व्हायचा तेवढा झाला, मान का नाही होत? तुमची मोजायची पट्टी घ्या आणि मोजा.

मोजलं. बाहुलीसमोर टिंब जिथं पाहिजे त्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली काच बसवलेली. तीन! वाचायचा भाग खाली गेलेला, म्हणून मान वर. वर्षभर सवय केली असती तरी ते तीन मिलिमीटर तिथंच राहिले असते, फार तर मान वाकडी झाली असती. मुलगा लगेच सॉरी म्हणाला, मालकांनी काच फुकट बदलून दिली, वाद नाही घातला. दुसरी काच लावल्यावर हनुवटी खाली, चार दिवसात विसरलो चष्मा आहे म्हणून. कडेला बघितलं की थोडं पोहल्यासारखं होतं पण ते सगळ्याच प्रोग्रेसिव्हला असतं, डोळा नाही तर मान वळवायची. हे मात्र पैसे घेण्याआधी सांगायला पाहिजे होतं.

तुम्ही कुठंही करा, फ्रेम नाकावर नीट बसवून, सरळ समोर बघायला लावून डेमो काचेवर स्केचपेननं टिंब मारतायत का बघा. माझ्या वेळी फ्रेम हातात धरूनच अंदाजे मारलं होतं, ते मला नंतर आठवलं.

तीन स्टार. चौथा दिला असता पण बदललेली काच यायला नऊ दिवस लागले आणि तेवढे दिवस परत एक चष्मा गळ्यात एक डोक्यावर.