'ड्राफ्ट' या शब्दाच्या निमित्ताने : ऑनलाइन इटिमॉलॉजी डिक्शनरी

बँकेतला डिमांड ड्राफ्ट, अर्जाचा कच्चा ड्राफ्ट आणि अमेरिकेतली सक्तीची लष्करभरती या तिन्हींना इंग्रजीत एकच शब्द कसा, हे जाणून घेण्यासाठी मी इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या, डग्लस हार्पर यांच्या 'ऑनलाइन इटिमॉलॉजी डिक्शनरी' या मोफत संकेतस्थळाचा आधार घेतला आणि एका नोंदीसाठी उघडलेल्या पानावर बराच वेळ रमलो.

हा शब्द 'ड्रॉ', म्हणजे ओढणे, या क्रियापदाच्या कुळातला आहे. जुन्या 'draught' या लेखनातले 'यूजीएच' जाऊन उच्चाराप्रमाणे 'एफ' आले, एवढाच काय तो बदल. ओढकामाचा घोडा, पिंपातून काढलेली बिअर, फटीतून आत ओढला जाणारा वारा आणि कागदावर ओढलेल्या रेघांचा आराखडा हे सगळे त्यातूनच निघाले. (रेघ आपणही ओढतोच.) लष्करी अर्थ अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा असून मोठ्या तुकडीतून काही माणसे विशेष कामगिरीसाठी वेगळी काढणे, असा तो होता, पुढे अमेरिकेत घराघरांतून तरुण ओढून नेणाऱ्या सक्तीला हेच नाव चिकटले.

ते किती चपखल होते, हे तिथल्या इतिहासात दिसते. यादवी युद्धातील 1863 च्या कायद्याने 300 डॉलर भरणाऱ्याला सूट दिली आणि त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कमध्ये दंगली पेटल्या. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1 डिसेंबर 1969 रोजी, 366 जन्मतारखांच्या चिठ्ठ्या कुप्यांत घालून अक्षरशः सोडत काढण्यात आली आणि पहिली तारीख 14 सप्टेंबर निघाली. ही सक्ती 1973 मध्ये थांबली.

मराठीतली 'भरती' 'भरणे'पासून आली आहे. ती फौजेच्या बाजूने बोलते, तर 'ड्राफ्ट' ज्या घरातून माणूस गेला त्या घराच्या बाजूने. अशी तुलना सुचावी इतका ऐवज हे संकेतस्थळ मोजक्या ओळींत पुरवते, हे त्याचे मोठे यश होय. मात्र शब्दाच्या पहिल्या लेखी आढळाचा काळ दिला, तरी त्या काळचे मूळ वाक्य बहुधा दिलेले नसते, त्यामुळे गंभीर अभ्यासकाला मोठ्या ऐतिहासिक कोशाकडे जावेच लागते. जिज्ञासू वाचकाने मात्र 'ड्राफ्ट'नंतर लगेच 'रिक्रूट' पाहावा. त्याच्या फ्रेंच मुळाचा अर्थ 'पुन्हा वाढणे' असा आहे आणि तो आपल्या भरतीच्या बराच जवळ जातो.